शब्द बारीक, गर्दी अफाट

नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तर जळगाव ते धुळे हे अंतर सुमारे ८१ किलोमीटर भरतं. हवा तापली की ध्वनी थोडा जोरात पळतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेलेला असताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३५८ मीटर असतो. समजा, जळगावहून मारलेली हाक वाटेत कुठेही विरली नाही, तरी तिला धुळ्याला पोहोचायला पावणेचार मिनिटं लागतील आणि तिकडून आलेली ‘ओ’ परत यायला आणखी पावणेचार. आता मोबाइल कानाला लावा आणि खान्देशातल्या अहिराणी बोलीत विचारा, ‘कथा शे रे?’, म्हणजे कुठे आहेस रे? हा आवाज पलीकडे पोहोचायला सहसा सेकंदाचा पाचवा भागही लागत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस तर याहून कडक आहे: उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत राहिला, तर बोलणाऱ्यांना तो जाणवत नाही.

यात मला थक्क करणारी गोष्ट वेगळीच आहे. रेडिओलहरीला ८१ किलोमीटर जायला सेकंदाच्या चार हजार भागांपैकी जेमतेम एक भाग लागतो. म्हणजे फोनवरचा उशीर हा अंतराचा नाहीच. तो जवळजवळ सगळा कामाचा आहे, आणि त्यातलं एक मोठं काम म्हणजे शब्द बारीक करणं. मोबाइलचे आकडे सांगताना आपण नेहमी मोठ्या टोकाकडून सुरुवात करतो, इतके कोटी ग्राहक, इतके कोटी मेसेज. खरी कमाल लहान टोकाला आहे. माणसाचं बोलणं इतकं बारीक करता आलं, म्हणूनच इतकी माणसं एका वेळी बोलू शकतात.

ते बारीक करणं कसं चालतं ते जरा सावकाश पाहू, कारण कोट्यवधी लोक रोज हे करतात आणि फार थोड्यांना ते ठाऊक असतं.

आजच्या ४जी कॉलमध्ये तुमचा फोन तुमचा आवाज सेकंदाला १६,००० वेळा मोजतो. प्रत्येक मोजमाप १४ बिटांचं, म्हणजे १४ शून्य-एकांचं. सेकंदाचे झाले २ लाख २४ हजार बिट. पण फोनमधून बाहेर पडतात ते मात्र साधारण १२,६५०. अठरा भागांतले सतरा भाग जागच्या जागी गाळले जातात, आणि तरीही पलीकडच्याला ‘सर्दी झाली का तुला?’ असं विचारण्याइतकं सगळं ऐकू येतं.

हे साधतं, कारण फोन आवाज पाठवतच नाही. तो तुमच्या बोलण्याचे २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडतो, सेकंदाला पन्नास. प्रत्येक तुकड्यासाठी तो फक्त २५३ बिट लिहितो. या क्षणी घसा आणि तोंड यांची पोकळी कोणत्या आकाराची आहे, स्वर किती उंच आहे, जोर किती आहे, याचे आकडे त्यात असतात. शिवाय एक क्रमांक असतो. दोन्हीकडच्या फोनमध्ये तऱ्हेतऱ्हेच्या सूक्ष्म स्पंदनांचं एकच कोष्टक असतं, आणि त्यातलं कितवं स्पंदन घ्यायचं ते हा क्रमांक सांगतो. तो निवडण्यासाठी तुमचा फोन स्वतःच निरनिराळी स्पंदनं लावून पाहतो, त्यांतून तयार होणारा आवाज मूळ आवाजाशी ताडून पाहतो आणि सर्वांत जवळचं धरतो. हे सगळं सेकंदाला पन्नास वेळा, तुम्ही भाव विचारत असताना. धुळ्याच्या फोनला ते २५३ बिट मिळाले की तो त्यांवरून आवाज नव्याने घडवतो. माहेरी फोन लावलेल्या मुलीला आईचा म्हणून ऐकू येतो तो आवाज तिच्या हातातल्या फोनने त्याच क्षणी तयार केलेला असतो. आईकडून आलेली असते ती केवळ तो कसा करायचा याची कृती. हे कळल्यावर मला तो आवाज परका वाटला नाही. उलट तो हुबेहूब यावा म्हणून किती माणसांनी किती वर्षं खपून हे गणित बसवलं असेल, याचंच अप्रूप वाटलं.

गप्प बसण्याचीही सोय केलेली आहे. बोलण्यातला बराच वेळ आपण ऐकत असतो. तेवढ्या वेळात फोन जवळजवळ काहीच पाठवत नाही. दर १६० मिलिसेकंदांनी फक्त ३५ बिटांचा एक निरोप जातो: इकडे शांतता आहे, आणि तिचा पोत असा आहे. त्यावरून पलीकडचा फोन हलकीशी खरखर स्वतः तयार करून कानात सोडतो. ती नसती तर पूर्ण निःशब्दात माणसाला वाटलं असतं की फोन कटला, आणि ‘हालो, हालो’ सुरू झालं असतं.

आता हिशेब करा. सेकंदाला १२,६५० बिट या दराने १ जीबीमध्ये सुमारे १७५ तासांचं बोलणं मावतं, म्हणजे आठवडाभर अखंड. भारतात मोबाइल इंटरनेट वापरणारा माणूस सरासरीने महिन्याला २० जीबीच्या पुढे डेटा खर्चतो. तो सगळा निव्वळ बोलण्यात घालवायचा म्हटलं तर साडेतीन हजार तास बोलावं लागेल. महिन्यात तास असतात ७२०. पाच माणसांनी महिनाभर न झोपता, न जेवता, दम न घेता बोलत राहावं, तेव्हा एका माणसाचा डेटा संपेल. आपला डेटा बोलण्यात जात नाही, चित्रांत जातो.

टॉवरपासून पुढे हे बोलणं बहुतेक वेळा काचेच्या धाग्यातून जातं. त्या धाग्याचा प्रकाश वाहणारा गाभा सुमारे ९ मायक्रॉनचा असतो, आणि एक हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. एकाच धाग्यात वेगवेगळ्या रंगांचे ८० प्रकाशझोत सोडता येतात, आणि प्रत्येक झोत सेकंदाला १०,००० कोटी बिट वाहून नेतो. निव्वळ आवाज धरला तर एका धाग्यावरून एका वेळी ६३ कोटी माणसं बोलू शकतील. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४२ लाख ३० हजार आणि धुळ्याची २० लाख ५० हजार. दोन्ही मिळून ६२ लाख ८० हजार. असे दोन जिल्हे शंभर वेळा घ्या आणि त्यांतल्या तान्ह्या बाळासकट प्रत्येकाला एकाच क्षणी बोलू द्या. धागा एकच लागेल. प्रत्यक्षात आवाजाच्या प्रत्येक पुडक्यावर पत्ता घालावा लागतो, आणि आठ बिटांचा एक बाइट या मापाने आवाजाचे बाइट ३२ तर पत्त्याचे ४० किंवा ६०, अशी स्थिती असते, म्हणून आकडा खाली येतो. तो पत्ता दाबून दोन-चार बाइटांवर आणण्याची युक्तीही आहे, पण ती मुख्यतः फोन आणि टॉवर यांच्यामधल्या टप्प्यात वापरतात, कारण खरी चणचण तिथेच असते.

तो हवेतला टप्पा सर्वांत नाजूक. ४जी फोन जास्तीत जास्त वॅटच्या पाचव्या भागाइतक्या ताकदीने बोलतो. टॉवरकडून परत येणारी लहर रावेर-यावलच्या केळीबागा आणि घरांच्या भिंती ओलांडून फोनपर्यंत पोहोचते तेव्हा तिची ताकद कधीकधी वॅटचे दहा लाख कोटी भाग करून त्यातला एक, एवढीच उरलेली असते. फोन तेवढ्यावरून शब्द ओळखतो. ती लहर सेकंदाला १८० कोटी वेळा हेलकावत असते, आणि कोणाला किती जागा द्यायची हे टॉवर सेकंदाला एक हजार वेळा ठरवत असतो. तीन मिनिटांच्या कॉलमध्ये असे निर्णय १ लाख ८० हजार. एवढं सगळं करणाऱ्या ५,००० एमएएच बॅटरीत ऊर्जा किती? सुमारे ७० हजार ज्यूल. तेवढ्या उष्णतेत दोन कप चहाचं पाणी कसंबसं उकळेल. दिवसभराचे सगळे कॉल, मेसेज, फोटो आणि व्हिडिओ त्या दोन कपांत.

आता ‘कथा शे रे?’ या प्रश्नाकडे. लँडलाइनवर हा प्रश्न कोणी विचारत नव्हतं. जळगावचा एसटीडी कोड ०२५७, धुळ्याचा ०२५६२, भुसावळचा ०२५८२. क्रमांकातच गाव होतं. शून्य सोडून एकूण आकडे दहा, त्यामुळे जळगावला गावातल्या क्रमांकासाठी सात आकडे उरत आणि धुळ्याला सहा. म्हणजे धुळे केंद्रात कितीही झालं तरी दहा लाखांच्या वर क्रमांक निघू शकत नव्हते. मोबाइलचा क्रमांक गावाचा नसतो, माणसाचा असतो, आणि माणूस फिरता असतो. म्हणून आपला पहिला प्रश्न बदलला.

तोच प्रश्न नेटवर्कलाही पडतो, आणि त्याचं उत्तर तयार ठेवण्यासाठी जे चालतं ते कॉलपेक्षाही मोठं आहे. खिशातला फोन झोपलेला दिसतो, पण आपल्यासाठी हाक आली आहे का हे ऐकायला तो साधारणपणे दर १.२८ सेकंदाला क्षणभर जागा होतो. दिवसाला ६७,५०० वेळा. तुम्ही पारोळा ओलांडून धुळ्याकडे निघालात की वाटेत टॉवरांचा गट बदलतो, आणि फोन न सांगता कळवतो की आता मी इकडे आहे. भारतात मिळून सुमारे १२० कोटी जोडण्या आहेत, त्यांतल्या बहुतेक मोबाइलच्या. त्यांतल्या प्रत्येकीचा ‘सध्याचा मुक्काम’ कुठेतरी नोंदलेला असतो आणि दिवसभर बदलत राहतो. त्यात जानेवारी २०११ पासून क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते. त्यामुळे पहिल्या आकड्यांवरून कंपनी ओळखण्याचे दिवस गेले, आणि हा क्रमांक आता कोणाकडे आहे हे आधी नोंदीत पाहावं लागतं. ही शोधाशोध ऐकायला अशक्य वाटते, पण तिच्यामागचं गणित फार देखणं आहे. क्रमांक ओळीने लावलेले असले आणि प्रत्येक वेळी अर्धे बाजूला सारले, तर १,००० नावांतून एक शोधायला दहा पायऱ्या लागतात, आणि १४० कोटींतून एक शोधायला एकतीस. यादी चौदा लाख पट वाढली, पायऱ्या एकवीसच वाढल्या.

दहा आकडी मोबाइल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे जास्तीत जास्त ४०० कोटी. एकामागून एक, सेकंदाला एक या गतीने ते सगळे फिरवायचे तर जवळपास १२७ वर्षं लागतील. १८९८ साली सुरुवात केली असती तर आत्ता कुठे काम आटोपलं असतं. हे साल मुद्दाम घेतलं. त्या वर्षी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. त्यांच्याकडे पुढे येणार आहे.

आधी मागच्या काळातली टंचाई डोळ्यांपुढे आणली पाहिजे, नाहीतर हे आकडे हवेत राहतील. स्वातंत्र्याच्या वेळी देशात टेलिफोन होते सुमारे ८० हजार, म्हणजे चार हजारांहून जास्त माणसांमागे एक. १९९१ साली ते ५० लाखांच्या आसपास पोहोचले. ट्रंक कॉलचे ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे वर्ग असत. लाइटनिंगला कित्येक पट पैसे मोजावे लागत, आणि तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मधे बोले. लग्नपत्रिकेवर स्वतःचा नाही तर शेजाऱ्याचा क्रमांक छापून पुढे ‘पी. पी.’ लिहिलेलं असे. मग गल्लीत निरोप, ‘जिभाऊ, तुमना फोन उना’, आणि धावपळ. त्या काळी एक बोलणं म्हणजे एक अख्खी वाट अडवणं होतं. दोघे गप्प बसले तरी वाट अडलेलीच. तारेत शब्दागणिक पैसे, म्हणून माणसं क्रियापदंसुद्धा गाळत. तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. मोबाइल त्याआधी १८ वर्षं भारतात आला होता. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना केलेला कॉल हा देशातला पहिला. सुरुवातीचा दर मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत होता, आणि आलेला फोन उचलणाऱ्यालाही पैसे पडत.

महाग बोलण्यातून मिस्ड कॉल जन्मला. त्यात एकही शब्द नसतो. एकदा वाजलं म्हणजे पोहोचलो, दोनदा वाजलं म्हणजे खाली ये. खान्देशात या निःशब्द हाकेला आणखी एक काम मिळालं. शेतीची वीज बरेचदा रात्री येते आणि विहीर गावापासून लांब असते. म्हणून मोटारीच्या स्टार्टरला सिमकार्ड घातलेला डबा जोडायचा आणि घरूनच फोन करून मोटार चालू-बंद करायची. पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांचं ‘नॅनो गणेश’ हे अशा उपकरणांतलं गाजलेलं नाव. त्यानंतर शेतकऱ्याच्या फोनमधल्या यादीत केळी कटाईवाला, ट्रकवाले आबा आणि बऱ्हाणपूरचा भाव सांगणारा व्यापारी यांच्या शेजारी ‘मोटार, खालची विहीर’ असंही एक नाव आलं. रात्री साप-विंचवातून, अंधारातून जाणारा एक फेरा वाचणं याची किंमत कोणत्या आकड्यात मांडायची ते मला ठाऊक नाही.

मेसेजमध्ये शब्द आणखी बारीक झाला, पण मराठीला तिथे सुरुवातीला फार सोसावं लागलं. १९८५ च्या सुमारास जर्मनीचे फ्रीडहेल्म हिलेब्रांड यांनी टाइपरायटरवर वाक्यं लिहून अक्षरं मोजली आणि १६० अक्षरं पुरेशी आहेत असं ठरवलं. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी गेला. एका एसएमएसला मिळतात १४० बाइट. रोमन अक्षर त्यात सात बिटांत बसतं, म्हणून १६०. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह सोळा बिट घेतं, म्हणून फक्त ७०. आणि चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. ‘श्रीक्षेत्र’ या शब्दात डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, फोन मात्र जोडाक्षरं आणि मात्रा सुट्या करून अकरा मोजतो. ‘श्रीक्षेत्र पद्मालय’ एवढं लिहिलं की सत्तरातल्या एकोणीस जागा संपल्या. एका पिढीने आपली मराठी रोमन अक्षरांत लिहिली त्यामागे आळस नव्हता. फोनवर देवनागरी उमटायची खात्री नव्हती, आणि उमटली तरी पैसे दुप्पट पडत.

व्हॉट्सॲपवर ही कुचंबणा संपली. ‘कथा शे रे?’ यातली सात चिन्हं प्रत्येकी तीन बाइट, दोन मोकळ्या जागा आणि एक प्रश्नचिन्ह प्रत्येकी एक, असे सगळे मिळून २४ बाइट. हेच बोलून विचारायला, एक सेकंद धरला तर, दीड हजार बाइट लागतात. लिहिलेला शब्द बोललेल्यापेक्षा पासष्ट पट हलका. (प्रत्यक्षात मेसेजला कुलूप लागतं, पत्ता लागतो आणि वजन वाढतं. त्या कुलपाच्या किती किल्ल्या संभवतात? एकावर ७७ शून्यं दिली तर येईल त्याहून थोड्या जास्त.) २०२० साली व्हॉट्सॲपवरून दिवसाला १०,००० कोटी मेसेज जात असल्याचं कंपनीने जाहीर केलं. सेकंदाला साडेअकरा लाख. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या प्रत्येक माणसाला एक एक मेसेज यायला साडेपाच सेकंदही लागले नसते. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येकाने, पाळण्यातल्या बाळानेसुद्धा, पन्नास जणांना शुभेच्छा पाठवल्या तर होतात ३१ कोटी ४० लाख. जगाच्या त्या ओघात ही साडेचार मिनिटांची भर. सासुरवाशिणी माहेरी येतात तो खान्देशातला सर्वांत मोठा सण, आणि त्याचा सगळा गजर साडेचार मिनिटांत सामावला.

ईमेलबद्दल थोडकंच. त्याची यंत्रणा मूळ इंग्रजीच्या मापाने शिवलेली असल्यामुळे मराठी मजकूर बरेचदा आडवळणाने जातो: तीन बाइटांची चार रोमन चिन्हं करून. आपला ‘क’ वाटेत ‘फोर-के-एस-व्ही’ या वेषात असतो आणि पोहोचल्यावर पुन्हा ‘क’ होतो. नको असलेल्या पत्रांचा पूर इथे मोठा आहे. जीमेल दिवसाला जवळपास १,५०० कोटी फसवी आणि निरुपयोगी पत्रं अडवते असं गूगल सांगतं. पृथ्वीवरच्या दर माणसामागे रोज जवळजवळ दोन, जी कोणी कधी वाचणार नाही.

जुना एसएमएस आज जगला आहे तो मुख्यतः ओटीपीवर, आणि त्याची एक मोठी कडी खान्देशातच आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. नंदुरबार १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होतं. आधारचे आकडे बारा. पहिला आकडा शून्य किंवा एक नसतो आणि शेवटचा पडताळणीचा असतो, म्हणून एकूण क्रमांक निघू शकतात ८,००० कोटी. २०२४-२५ या एका आर्थिक वर्षात आधारच्या पडताळण्या झाल्या २,७०७ कोटी, सेकंदाला साडेआठशेहून अधिक. काही बोटाच्या ठशाने, काही चेहऱ्याने, काही फोनवर आलेल्या सहा आकड्यांनी. सहा आकड्यांत शक्यता दहा लाख. ते सहा आकडे गोड बोलून कोणी मागितले आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसाने सांगितले, की दहा लाखांची ती भिंत एका क्षणात पडते. माझ्या नातेवाइकांत हे घडलेलं मी पाहिलं आहे, आणि त्यानंतर घरातल्या प्रत्येक थोरल्या माणसाजवळ बसून हे समजावून सांगणं मी कर्तव्य मानतो.

आता राजवाडे. त्यांचा मृत्यू १९२६ च्या अखेरीस धुळ्यात झाला, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात उभं आहे. हा माणूस गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवरून, रद्दीत निघालेल्या दप्तरांतून जुनी मराठी पत्रं गोळा करत होता. ‘साधनां’चे २२ खंड झाले. ती पत्रं म्हणजे त्या काळचे निरोपच होते: फौज कुठे आहे, रसद पोहोचली का, उत्तर का नाही. म्हणजे तोच प्रश्न, कुठे आहेस? एका खंडाची ४०० पानं आणि पानावर २,००० चिन्हं धरू. तर २२ खंडांचा मजकूर होतो सुमारे ५३ एमबी. लग्नाच्या वरातीचे दोन व्हिडिओ याहून जास्त जागा घेतील. जीबीला नऊ-दहा रुपये धरले, तर ते सगळे २२ खंड फोनवर उतरवायला खर्च पन्नास पैसे.

पण त्या ५३ एमबींसाठी एका माणसाचं आयुष्य लागलं, कारण कागद मागे उरले होते. आपण सेकंदाला लाखो निरोप पाठवतो आणि फोन भरला की पुसून टाकतो. ज्यांच्या फोनमध्ये आजोबांचा आवाज, आजीने अहिराणीत सांगितलेली गोष्ट, धाकट्या भावाचा शहरातून आलेला पहिला मेसेज असेल त्यांनी तो बाजूला काढून दोन ठिकाणी ठेवावा, असं मी कळकळीने सांगेन. दहा मिनिटांच्या आवाजाला एक-दोन एमबी पुरतात.

आणि सातपुड्याबद्दल बोलल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. १,८०० मेगाहर्ट्झची लहर डोंगराला वळसा घालू शकत नाही, ती सावली टाकते. धडगाव, तोरणमाळच्या बाजूला दरीतल्या पाड्यांवरून फोन लावायचा तर ठराविक उंचवट्यावर चढावं लागतं. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या ४जी न पोहोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. अशा ठिकाणी खर्च होतो तो टॉवरचं लोखंड डोंगरावर चढवण्याचा, तिथे वीज देण्याचा आणि तिथून काचेचा धागा किंवा लहर खाली आणण्याचा. बोलण्याचा खर्च त्यात जवळपास नाहीच. पाचशे माणसांचा पाडा घ्या. प्रत्येकाने दिवसातून अर्धा तास बोलायचं, बाजाराबद्दल, दवाखान्याबद्दल, सुरतेला मजुरीला गेलेल्या पोराशी. अख्ख्या पाड्याचं दिवसभराचं बोलणं भरतं १.४ जीबी. जळगावच्या कॉलेजातल्या एका मुलाच्या रिचार्जमध्ये रोज दीड जीबी असतो.